दोन किलो तीनशे चाळीस

१

फोटो दगडांचा होता.

सोमवारी सकाळी कॅफेचं शटर वर केलं, तिन्ही कॉम्प्युटर चालू केले आणि मेल उघडली. हिंगोलीत तेव्हा, म्हणजे दोन हजार सहाच्या जानेवारीत, नेट म्हणजे निव्वळ संयमाची परीक्षा. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. आधी पांढरं मांजरपाट दिसलं, त्यावर माझ्याच अक्षरातला पत्ता दिसला. मग एक फडकं. फडक्यावर दोन मुठींएवढा एक काळा दगड, शेजारी दोन मधले, एक लहान, आणि कडेला मूठभर तपकिरी दाण्यांचा ढीग.

खाली पुण्याच्या केतकी नावाच्या गिऱ्हाइकाच्या दोनच ओळी होत्या. "मी तुमच्याकडून घोंगडी घेतली होती. हे काय आहे? मी बुधवारीच साईटकडे आणि पोस्टाकडे तक्रार केली आहे."

मी कालिंदी. बसस्टँडसमोर माझं नेटकॅफे आहे. परीक्षांचे फॉर्म भरून देणं आणि पोरांना चॅटिंगवरून हाकलणं हा माझा मूळ धंदा. पण वर्षभरापूर्वी मला लिलावाच्या साईटचा नाद लागला. इथं कुणीही आपली वस्तू फोटोसकट मांडायची, कुठल्याही गावचा माणूस बोली लावतो, वस्तू पोस्टानं जाते. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे टेंभरवाडी आहे, तिथले संपतराव मेंढ्या राखतात आणि हातमागावर घोंगड्या विणतात. त्यांच्या अकरा घोंगड्या मी पुण्या-मुंबईला पाठवल्या होत्या. साईटवर आमच्या नावापुढे गिऱ्हाइकांनी दिलेल्या अकरा चांदण्या होत्या. हिंगोलीच्या बाजारात हे सांगितलं की लोक हसायचे. न बघता पैसे कोण देणार, उद्या दगड आले तर, अशी थट्टा करायचे. आता दगडच गेले होते.

मला आधी राग आला. दुपारी भारत आला.

भारत टेंभरवाडीचा पोस्टमास्तर. पोस्ट म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. अकरा वर्षं तो गावाची पत्रं वाचून दाखवतो, म्हाताऱ्यांची पेन्शन घरपोच करतो. माझ्याकडे तो नेहमी पहिल्यांदा चहा मागायचा. त्या दिवशी उभाच राहिला.

"ताई, पोस्टाचे इन्स्पेक्टर साहेब येऊन गेले. म्हणले, पार्सल तूच फोडलंस. शुक्रवारी परत येनार हायेत. तवर खरं न्हाई कळलं तर माझं काम गेलं."

"तू फोडलंस का?"

"न्हाई."

एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

२

इन्स्पेक्टरचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हीच तर अडचण होती.

पार्सल बांधलं अकरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी दुपारी, संपतरावांच्या घरी, माझ्यासमोर. घोंगडी आत गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. संपतरावांनी मांजरपाट शिवलं आणि मी माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केलं. हा काटा मी साईटवरूनच मागवलेला. त्याचा मला इतका अभिमान की कुणाचंही काहीही मोजायला मी तो पिशवीत घेऊन फिरायचे. आकडा आला दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. तो मी मार्करनं पार्सलवर लिहिला आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. पोस्टात वजन दहा ग्रॅमनंही फिरलं तर पार्सल परत येतं, म्हणून आता याला कुणी हात लावायचा नाही. असा काही नियम नाही. पण मला भाषण करायला आवडतं.

मग मी काटा पिशवीत घातला आणि स्कूटीवरून हिंगोलीला परत आले. संपतरावांचा धाकटा मुलगा दत्तप्रसाद पार्सल घेऊन पोस्टात निघाला, हेही मी जाताना पाहिलं.

भारतनं पार्सल तोललं तेव्हा वजन तेवढंच भरलं. पुण्याच्या पोस्टात, केतकीबाईंच्या तक्रारीनंतर, दगडांसकट सगळं परत तोललं तेव्हाही तेवढंच भरलं. दोन किलो तीनशे चाळीस.

"म्हणजे ज्यानं घोंगडी काढली त्यानं ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब ठेवून दगड भरले," इन्स्पेक्टर भारतला म्हणाले होते. "खेड्यात एवढी बारीक वजनं कुणाकडे असतात? पत्रं तोलायची वजनं फक्त तुझ्याकडे आहेत. आणि गुरुवारी रात्रभर पार्सल तुझ्या खोलीत होतं. टपालाची पिशवी शुक्रवारच्या बसनं गेली."

पावतीवर गुरुवारचा शिक्का होता. मी ती पावती समोर ठेवली आणि माझी वही काढली. टेंभरवाडीची पार्सलं गेली की दत्तप्रसाद नाक्यावरच्या फोनवरून मला पावतीचा नंबर सांगतो आणि मी तारीख-वेळेसह लिहून ठेवते. बाकी बाबतीत मी गबाळी आहे, पण वही नीट असते.

नंबर लिहिला होता शुक्रवारी, सकाळी साडेदहाला. आणि मला त्याचं वाक्यही आठवलं. "ताई, आत्ताच पार्सल टाकून येऊन राहिलो, नंबर घ्या."

आत्ताच. गुरुवारी नव्हे.

मी भारतकडे पाहिलं. त्यानं वहीवरचा आकडा वाचला होता. तो खाली बसला.

३

"गुरुवारी पोस्ट बंद व्हतं ताई. मेव्हणीची हळद व्हती वाशिमला. रजा मागितली तर साहेब देत न्हाईत. मी दुपारी कुलूप लावून गेलो. दत्ता येऊन परत गेला. शुक्रवारी सकाळी त्यानं पार्सल आणलं, मी गुरुवारचा शिक्का मारला. पोस्ट उघडं व्हतं असं दिसावं म्हणून."

"म्हणजे रात्रभर पार्सल तुझ्याकडे नव्हतंच."

"न्हाई."

"मग हे साहेबांना काहून सांगितलं नाहीस? शिक्क्याची चूक आहे, त्याला मेमो मिळेल. चोरीला नोकरी जाते."

भारतनं वही मिटून माझ्याकडे सरकवली. बाहेर वाशिमच्या बसचा कंडक्टर ओरडत होता.

"सांगितलं की मंग दुसरी जागा एकच राहती, संपतमामाचं घर. कोंडीबा माझ्यासंग शाळेत व्हता, ताई. त्याला जाऊन तीन वर्सं झाली. मेंढ्या घेऊन रस्ता वलांडून राहिला व्हता आन ट्रकनं... त्या घरावर पोलीस आनू का मी?"

कोंडीबा संपतरावांचा थोरला मुलगा. तो अपघातात गेला एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी चौकशी केली नव्हती. माझा त्या घराशी संबंध घोंगड्यांपुरता होता.

"तू कुणाला पाठीशी घालतोयस भारत? तुला माहीत आहे कुणी केलं ते?"

"म्हाईत न्हाई. आन म्हाईत करून घ्यायचं बी न्हाई. तुमी पन ते घर सोडा."

चोरीचा आळ डोक्यावर असलेला माणूस मला तपास थांबवायला सांगत होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला. शुक्रवार चार दिवसांवर होता, आणि घरी त्याच्या दोन मुली होत्या. मी दगडांचा आणि साईटवरचा घोंगडीचा असे दोन्ही फोटो मोठे छापून घेतले आणि स्कूटी काढली.

४

टेंभरवाडीला पोचले तेव्हा संपतराव मागावर बसले होते. साठीचा माणूस, बोलणं कमी. दगडांचं त्यांना भारतकडून कळलं होतं.

"माझा शबुद गेला," ते म्हणाले. "त्या बाईला दुसरी घोंगडी पाठवा. पैसं नगं."

"मामा, पार्सल रात्रभर कुठं ठेवलं होतं?"

त्यांनी हात न थांबवता समोरच्या कोनाड्याकडे मान केली. ते आणि दत्तप्रसाद त्या रात्री वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणात, झोपले होते. लांडग्याचा माग दिसला होता म्हणून. घराला कडी होती. कुणी आलं असेल तर त्यांना ठाऊक नव्हतं.

दत्तप्रसादला मी बाहेर गाठलं. बावीस वर्षांचा, साईटवर सगळ्यात जास्त भरवसा त्याचाच. तो माझ्या आधीच तापलेला होता.

"मीच न्हेलं, मीच आनलं, मीच परत न्हेलं. मंग चोर मीच का? सांगा ना तसं साहेबाला."

"तुझ्या हातात वजन कमी-जास्त लागलं का?"

"बराबर व्हतं. शिवन बी बराबर व्हती."

"पण फोटोतली जुनी घोंगडीच का दिलीत रे? मी तर साईटवर लिहिलं होतं की अशा प्रकारची मिळेल."

त्याचा चेहरा बदलला. "तुमाला मेल आली व्हती ना, फोटोतलीच पायजे म्हणून. तुमीच मला फोनवर सांगितलं. मी बाबाला सांगितलं. बाबा म्हणले, देऊन टाकू."

मेल आली होती, खरंच. "फोटोत आहे तीच हवी, तशीच दुसरी नको." काळी, तांबड्या काठाची. मला त्यात काही वाटलं नव्हतं. उलट आनंद झाला होता, गिऱ्हाईक पारखी आहे म्हणून. तो फोटो मी काढला होता. दिवाळीनंतर कॅमेरा घेऊन आले तेव्हा घरात पुरुष नव्हते. विकायच्या घोंगड्या घडी घालून ठेवलेल्या, सगळ्या कोऱ्या आणि ताठ. खुंटीवर मात्र एक टांगलेली, वापरून मऊ झालेली, उन्हात धरली की काठ पेटल्यासारखा दिसायचा. मी ती काढली, बाजेवर पसरली आणि चार फोटो घेतले. एवढ्यात सुभद्राबाई, संपतरावांची बायको, शेळ्या घेऊन आल्या. त्यांनी माझ्या हातून घोंगडी घेतली आणि परत खुंटीला लावली. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला होता, किती तुटक बाई म्हणून.

"दत्ता, ती घोंगडी कुणाची होती?"

"दादाची," तो म्हणाला. "आंगावर व्हती त्याच्या. त्या दिवशी."

मी ओट्यावर बसले. 

५

ओट्याच्या कडेला पातेल्यात काहीतरी भिजत घातलेलं होतं. नुसती नजर गेली आणि हटेना.

चिंचोके. मागावरच्या सुतांना ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवणं आणि शिजवणं हे घरातल्या बाईचं काम. मी पिशवीतून छापलेला फोटो काढला. केतकीबाईंच्या दगडांशेजारचा तपकिरी ढीग छपाईत आता स्पष्ट दिसत होता. चपटे, चकाकणारे दाणे, एकही भाजलेला किंवा फुटका नाही.

पोस्टात चिंचोके कशाला असतील?

बाकीचं एकामागून एक येत गेलं, मी न बोलावताच. इन्स्पेक्टर म्हणतात, बारीक वजनं भारतकडेच आहेत. खरं आहे. माझा काटा त्या रात्री हिंगोलीत माझ्या पिशवीत होता. या घरात लोकर तोलायचा दोन पारड्यांचा तराजू आहे आणि त्याचं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं. त्या वजनांनी कुणी आकडा जमवायला बसलं असतं तर दोन किलो तीनशेवर नाहीतर साडेतीनशेवर थांबलं असतं. चाळीस येणं शक्य नाही. पण बाजारात आपण रोज बघतो, तेलाची बरणी तोलायची तर आधी रिकाम्या बरणीचा धडा करतात. एका पारड्यात बरणी, दुसऱ्यात दगड, मग लहान दगड, मग खडे, दांडी सरळ होईपर्यंत. तिथे आकडा लागतच नाही. एका पारड्यात घोंगडी होती. दुसऱ्यात मोठा दगड, दोन मधले, एक लहान, आणि दांडी अजून हलत होती म्हणून मूठभर चिंचोके. दगड वाजू नयेत म्हणून गुंडाळलेलं फडकंही त्याच पारड्यात.

म्हणजे काम घरातलंच, माझं वजनाचं भाषण ऐकलेल्या माणसाचं. घरातली माणसं तीन.

दत्तप्रसादला घोंगडी पाठवायची घाई होती. संपतरावांना द्यायची नसती तर ते सरळ नाही म्हणाले असते, त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. मी तिथं बसून हेच घोकत राहिले. ज्याला नाही म्हणायची सोय आहे तो दगड कशाला भरेल? दगड तोच भरतो, ज्याला कुणी विचारलेलंच नाही.

सुभद्राबाई मागच्या अंगाला लोकर पिंजत होत्या. मी जवळ जाऊन बसले. दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले, दगडांचा आणि घोंगडीचा. दगडांच्या फोटोकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुसऱ्यावरून बोट फिरवलं.

"मावशी, घोंगडी कुठंय?"

"कनगीत," त्या म्हणाल्या. "दान्याखाली."

"दुसरी का नाही घातली आत? चार कोऱ्या होत्या."

"चार मोजून ठिवल्या व्हत्या त्यायनं. एक कमी झाली असती तर सकाळीच कळलं असतं. दगुड कोन मोजतं."

त्या रडल्या नाहीत. त्यांचे हात लोकरीत चालूच होते. मलाच रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

"मावशी, भारतची नोकरी जातेय."

हात थांबले.

"भारतची? काहून? त्यानं काय केलं?"

त्यांना हे माहीतच नव्हतं. पुण्याची कोण बाई, तिला राग येईल, पैसे परत मागेल, एवढाच त्यांचा अंदाज. मधे पोस्ट आहे, पोस्टात भारत आहे, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. सांगताना मला कळत होतं की मी त्यांना कुठे ढकलत आहे. खरं बोलायचं म्हणजे इन्स्पेक्टरसमोर, म्हणजे नवऱ्यासमोर, गावासमोर. मी म्हणाले, हवं तर मी दुसरं काही सांगते, माझ्याच हातून चूक झाली म्हणते.

"तुमी खोटं काहून बोलता," त्या म्हणाल्या. "शुक्कीरवार म्हणला ना? येते मी."

६

शुक्रवारी सकाळी भारतच्या पुढच्या खोलीत टेबलामागे इन्स्पेक्टर बसले होते. भारत दाराशी उभा. मी माझी वही दाखवली, धडा कसा केला ते सांगितलं. साहेबांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा विचारणार एवढ्यात सुभद्राबाई आल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, काखेत घोंगडी. मागून संपतराव आणि दत्तप्रसाद. आपण कशाला जातोय हे त्यांनी त्या दोघांना वाटेतही सांगितलं नसावं, कारण घोंगडी टेबलावर ठेवली तेव्हा दत्तप्रसाद मागे सरकला.

"म्या काढली," त्या म्हणाल्या. "दगुड म्या भरले. ह्या लेकराचा काई दोस न्हाई."

 साहेब बरे माणूस निघाले. त्यांनी घोंगडीकडे पाहिलं, भारतकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "आजी, वस्तू तुमच्याच घरची. पार्सल पोस्टात यायच्या आधीच बदललं. चोरी पोस्टात झालेली नाही." मग भारतला म्हणाले, "शिक्क्याचं मात्र मी लिहिणार. मेमो घे आणि परत असं करू नकोस."

भारतनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नोकरी वाचली होती. मला वाटलं, संपलं.

संपतराव पुढे आले. त्यांनी घोंगडीला हात लावला नाही.

"म्या इकली नव्हती ती," ते म्हणाले. साहेबांना नाही, बायकोला. "घालवली व्हती. तीन वर्सं तू राती उठून तिच्यापाशी बसतीस. मला झोपलेला समजतीस. त्या बाईनं हीच मागितली तवा म्हणलं, देवानंच वाट काढली. घरातून गेली की निजशील."

सुभद्राबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मंग मला इचारायचं व्हतं."

"इचारलं असतं तर व्हय म्हणली असतीस?"

"न्हाई."

त्यांनी टेबलावरची घोंगडी उचलून काखेत घेतली.

"पर इचारायचं व्हतं."

त्या निघाल्या. संपतराव क्षणभर उभे राहिले, मग त्यांच्या मागून चालू लागले, नेहमीसारखे पुढे नाही. दत्तप्रसाद दाराच्या चौकटीला धरून रडत होता आणि भारतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

साहेबांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, तुम्ही लिहा. सुरुवातीपासून, कुणाकडून काय चूक झाली ते."

केतकीबाईंना मी रात्री खरं ते कळवणार होते, साईटनं आमचं खातं बंद केलं तरी चालेल असं ठरवलं होतं. पण हा कागद आधी भरायचा होता. दिवाळीनंतर त्या घरात कुणी नसताना मी खुंटीवरची वस्तू खाली काढली होती. कुणाची, म्हणून विचारलं नव्हतं. जगभर दाखवली होती. मी पेन उघडलं आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं.